पेवातला हुंकार

१६ नोव्हेंबर

वही लोणावळ्याला उतरलो त्याच दिवशी घेतली होती, लिहायला आज बसलोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर नागफणीच्या कड्यावर गेलो, तिथून आलो तर पाय दुखत होते. माझं सगळंच असं. आयटीआय अर्धं सोडलं, गोव्याला हॉटेलात राहिलो, मग लग्नांचे व्हिडिओ जोडायला शिकलो. त्याच्यावरच ही नोकरी मिळाली.

जागा एक नंबर आहे. कुरवंड्याच्या रस्त्याला बंगला, मागे दरी, मला वरची खोली. जेवण कैलासच्या घरून येतं. कैलास इथला वॉचमन, गावातलाच. पहिल्याच दिवशी म्हणाला, भाऊ, लोक हितं मजा करायला येत्यात, आन् तुमी रडगाणी ऐकायला आलाय व्हय.

रडगाणी म्हणजे संस्थेचं काम. ज्यांची अख्खी जमात ठरवून कापली आणि त्यातून जी माणसं वाचली, त्यांचं बोलणं इथं रेकॉर्ड करून जपतात आणि शाळेच्या सहलींना ऐकवतात. पुढच्यांना कळावं म्हणून. प्रेरणा मॅडम सगळं बघतात. मी आवाज साफ करायचा. खोकला, पंख्याची घरघर, कुत्री, सगळं काढून टाकायचं. मागच्या दाराला एक लंगडी कुत्री आहे, तिचं भुंकणं मी मुद्दाम एका ठिकाणी ठेवलंय.

१९ नोव्हेंबर

आज झुंबरबाईंचं ऐकलं. इथून जवळच, औंढे गावात राहतात. लहानपणी लांबच्या मुलखातून इकडे आल्या, बोली आता मावळचीच झालीय. तिकडे मारणारे घराघरात शिरले तेव्हा आईने त्यांना आणि धाकट्या रतनला पेवात सोडलं. पेव म्हणजे जमिनीखाली धान्य ठेवायचा खड्डा. वरून झाकण लिंपून टाकलं. आत ओल लागून ज्वारी सडलेली. पोरी त्या लगद्यात कमरेपर्यंत रुतून बसल्या आणि तोच लगदा किड्यांसकट खाऊन राहिल्या.

अंधारात एकमेकींचं तोंड दिसेना. मग झुंबरने गोष्ट सांगायची आणि रतनने हूं म्हणायचं. हूं आलं म्हणजे जिवंत आहे. शेवटी झाकण उघडलं तेव्हा झुंबरची गोष्ट चालूच होती. उघडणारे म्हणाले, धाकटी कधीच गेलीय, फुगलीय बघ. झुंबरबाई म्हणतात, न्हाई, हूं येत हुतं.

म्हणून आजही त्या दर वाक्याला थांबतात. ऐकणाऱ्याने हुंकार दिला तरच पुढचं. साक्ष दिली तीच या अटीवर की काही कापायचं नाही आणि शाळेच्या पोरांनीपण हूं म्हणायचं. रेकॉर्डिंग माझ्या आधीच्या इर्शादने केलंय. त्याचं जाड हूं ऐकू येतं. त्याच्यामागून एक बारीक हूं येतं. कुणाचं तरी पोर शेजारी बसलं असणार.

२४ नोव्हेंबर

मॅडम म्हणाल्या, ते हूं हूं काढ, मुलं हसतात. किडे नकोत, फुगलेली मुलगी नको, मारणारे कोण होते तेही नको, उगाच कुणाच्या भावना दुखावतील. मी म्हटलं अट आहे. त्या म्हणाल्या, आजींना कुठं कळतंय.

सगळं कापलं. मधल्या जागाही मिटवल्या. झुंबरबाई आता सरळ बोलतात, बातम्या दिल्यासारख्या. मॅडम खूश. मीपण होतो, खोटं कशाला लिहू.

मग बघितलं तर मूळ फाईलवरच सेव्ह केलंय. दुसरी कॉपी नाही. इर्शादला फोन केला, त्याच्याकडेही नाही. बोलता बोलता विचारलं, ते पोर कुणाचं होतं. तो म्हणाला, पोर कुठलं भाई, खोलीत मी आणि मावशी, दोघंच.

२७ नोव्हेंबर

सहल आली. मॅडमनी गॅरेजमध्ये सिमेंटचं पेव करून घेतलंय, आत रबराच्या दोन पोरी. कुबट वासाचा स्प्रे मारायचं काम माझं. पोरं नाक धरून उतरली, रबराच्या पोरींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, एकाने धाकटीच्या तोंडात चिक्की कोंबली. शाळेच्या बाई म्हणाल्या, फारच अनुभव मिळाला. ओकारी आली मला. त्यांची आली तशी माझी स्वतःचीही आली. स्प्रेचा डबा माझ्याच हातात होता ना.

आंघोळ केली तरी वास जात नाही. हा स्प्रेचा नाही. आंबूस, गोडसर, घशाला चिकटणारा.

संध्याकाळी कैलासने औंढ्याहून निरोप आणला. झुंबरबाई विचारतायत, रतन बोलंना झाली, तुमी लोकांनी काय केलं. आणि त्या मशीनवाल्या पोराला म्हणावं, ये, पुन्यांदा समदं सांगते, पन हूं द्यायला समोर बस. अजून सगळं नीट होईल. त्या आहेत, मशीन आहे. उद्याच जातो.

३० नोव्हेंबर

गेलो नाही. काल निघालो होतो. लोणावळ्याच्या बाजारात मित्र भेटला, तिथंच अडकलो. मिसळ मागवली. पहिल्या घासाला दाताखाली कोंडा आला, मग चिकट काहीतरी, मग ते हललं. रस्त्यातच थुंकलो. सडकी ज्वारी. किडा जिवंत होता. मित्र म्हणाला, शेवच आहे की रे, नाटकं करू नको.

पाणीसुद्धा तसंच लागतंय.

१ डिसेंबर

हेडफोन लावला. कापलेल्या फाईलमध्ये झुंबरबाई आता थांबतात. मी मिटवलेल्या जागा परत आल्यात. पण रिकाम्या. वाक्य, मग थांबणं, मग वाक्य.

एका जागी मी न राहवून हूं म्हटलं. तोंड भरलं. बेसिनमध्ये ओकलो तर लगदा, आणि त्यात केस. लांब, बारीक, लाल रिबिनीचा धागा गुंतलेला.

उद्या औंढ्याला. नक्की.

३ डिसेंबर

झुंबरबाई गेल्या.

कैलास सांगत होता, दोन दिवस भिंतीकडं तोंड करून गोष्ट सांगत हुत्या. एक वाक्य, मग कान देऊन बसायच्या. मग परत तेच. जरा बी कंटाळा न्हाई. आज सकाळी अर्ध्यातच गप झाल्या. तो म्हणाला, भाऊ, तुमी जायला पायजे हुतं. डबा ठेवून गेला.

डबा उघडला नाही. झाकणाखाली खुडबुड ऐकू येते—

आता ती साक्ष कुठंच नाही. मी साफ केलेली तेवढी आहे.

४ डिसेंबर, दुपार

मॅडमना सांगितलं, मी निघतो. त्या म्हणाल्या, शुक्रवारी तीन शाळा आहेत.

गॅरेजमध्ये गेलो. रबराची मोठी आहे. धाकटीच्या जागी नुसती ओल, आणि ज्वारी—

बॅग भरतोय. हात चिकट झालेत, पेन सटकतंय—

कैलासचा फोन. गेटवर एक बारकी पोरगी आलीय. एकटीच. म्हणाला, अंगावर समदा कोंडा हाय, प्वाट ही एवढं फुगलंय, वास मारतीय. कुटनं आली इचारलं, तर हूं. कुनाला भेटायचंय, तर हूं. बाकी काहीच बोलत न्हाई भाऊ, आत सोडू का—

मी आधी दाराला कडी घातली. तेवढ्यात पलीकडून तो म्हणाला, अरं, गेली की वर.

जिना ओला वाजतोय. हे लिहितोय म्हणजे तिला गोष्ट वाटतेय बहुतेक, कारण प्रत्येक ओळ संपली की दाराबाहेरून—

थांबलो की कडी हलते. म्हणून लिहितोय. झुंबर आणि रतन दोघी बहिणी होत्या. हूं. आईने त्यांना पेवात सोडलं. हूं. मारणारे कोण होते ते मला आठवत नाही, मीच कापलं, मला—

हूं येत नाही, ती थांबलीय. पुढचं सांग म्हणून