रिकामा कंस

कान थो,
१२ मे २०१६

क्वानदादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आई बरी आहे. बाबा बरे नाहीत, आणि ते ठाऊक असूनही तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बाबांच्या तीनपैकी दोन तळ्यांतली कोळंबी मेली. तुझ्या शब्दावर त्यांनी आपल्या कंपनीचं चक्रं चालू-बंद करणारं यंत्र बसवलं होतं. त्या ढगाळ दुपारी तिसऱ्या तळ्यातलं पाणी हलवून त्यात हवा मिसळणारं चक्र धुवायला त्यांनी बटण दाबलं. बंद झाली तिन्ही चक्रं. धुऊन झाल्यावर तिसरं चालू झालं, लांबची दोन तशीच बंद राहिली आणि तिथली कोळंबी हवेविना गुदमरली.

आणि तू कंपनीत सांगून मोकळा झालास, "दिएपनं घोळ घातला." कोड लिहिणाऱ्या त्या नव्या पोरीला सोमवारी काढणार म्हणे.

काय घोळ घातला रे तिनं? चक्र चालू करणाऱ्या फंक्शनला तळ्याचा आकडा द्यावा लागतो, म्हणून बंद करणाऱ्यालाही दिला. ते आकडा घेतच नाही, सरसकट सगळं बंद करतं. चाचणीच्या टेबलावर एकच चक्र होतं, ते थांबलं, सगळे खूश. तिला कोड तपासणाऱ्या कंपायलरनं अडवायला हवं होतं. त्यानं अडवलं नाही, कारण हेडर फाइलमध्ये त्या फंक्शनच्या नावापुढचा कंस तू रिकामा ठेवलास. आपल्या सी भाषेत रिकामा कंस म्हणजे 'काय घ्यायचं ते ठरवलेलं नाही'. मग कुणी काहीही द्या, कंपायलर हूं की चूं करत नाही. आत व्हॉइड, म्हणजे 'काहीच घेत नाही', असं लिहिलेलं असतं तर तिची ओळ तिथल्या तिथे नाकारली गेली असती.

मी लिहिलं होतं व्हॉइड. तू खोडलंस. "रिकामं ते रिकामं, त्यावर पाटी कशाला लावतेस, थुई?" आठ माणसांसमोर. सगळे हसले.

आता जे टाळत होते ते. तुझा तो बदल मंजूर मी केला. चूक आहे हे कळत असून केला. थोरल्या भावाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे आईनं कानीकपाळी ओरडून शिकवलंय. स्वतःचा राग तुझ्यावर काढतेय म्हणशील. काढतेय. पण तुझ्या वाटणीचा वेगळा आहे, तो कमी होणार नाही.

काल बाबा बांधावर बसले होते. मला म्हणाले, "मीच चुकीचं बटण दाबलं असेन. म्हातारा झालो आता, यंत्रांना हात लावू नये." आणि मी गप्प बसले, दादा. चाळीस वर्षं तळी सांभाळलेल्या माणसासमोर मी गप्प बसले.

रविवारी ये आणि त्यांना सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि सोमवारी बदलांची नोंद छापून सगळ्यांपुढे ठेवेन. खोडणारा म्हणून तुझं नाव आहे, मंजूर करणारी म्हणून माझं. दिएप तेव्हा कंपनीत आलीही नव्हती.

परवानगी मागत नाही, कळवतेय.

आजवर तुझं ऐकत आलेली,
थुई