साळूबाईच्या हातचा तांब्या

मी पुंजाराम, वय अदमासे सत्तर, राहणार जुना जालना. पाय थकले, पण डोकं शाबूत आहे आणि राग तर पहिल्यापेक्षा ताजा आहे. कोणाच्या दबावाला न भिता लिहून ठेवतो की:

१. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून माझी विहीर आहे. पूर्वी बाया आपापल्या ओसरीवर रेच्याने कापसातली सरकी काढायच्या. गोऱ्या साहेबाचं यंत्र आलं, रेचे चुलीत गेले आणि बाया त्याच्याच फाटकात मजुरीला लागल्या. दिवसभर कापसाची धूळ गिळायची, पण आतल्या नळाला हात लावायचा नाही! म्हणून माझ्या विहिरीची दोरी मी सगळ्यांना मोकळी ठेवली.

२. पुतण्या बद्रीनाथ तिथेच कारकून. एकदा मी तक्रार घेऊन साहेबाकडे गेलो, तर पायरीखालीच जोडे काढायला लावले. बद्रीनाथ उन्हात उभा होता. त्याला तहान लागली, तर साहेबाच्या नोकराने वरून पाणी ओतलं आणि ह्याने ओंजळ धरली. काळ्या माणसाने पेल्याला शिवायचं नाही! राज्य निजामाचं, पण रुबाब गोऱ्याचा. माझ्या अंगाची लाही झाली.

३. त्याच संध्याकाळी विहिरीवर ह्याने महारवाड्यातल्या साळूबाईच्या हातून दोरी हिसकली आणि तिच्या ओंजळीत तसंच वरून पाणी ओतलं. मी ओरडलो. तो म्हणाला, "काका, साहेबाची गोष्ट न्यारी हाये. ते राज करून राह्यले." मी म्हटलं, "मंग तू कोणावर राज करून राह्यला?"

४. सबब विहीर साळूबाईच्या ताब्यात द्यावी. पाणी सगळ्यांचं. साहेबाला विकू नये.

५. घर आणि बैलजोडी बद्रीनाथला. अट एकच: चार माणसांदेखत साळूबाईच्या हातून तांब्या घ्यावा आणि ओठ लावून प्यावा. तोवर घर शेजारच्या पाशामियाँकडे राहील. ते म्हणाले, "पुंजारामभाऊ, भतीजा रूठेल." रुसू द्या.

६. साहेबाच्या पायरीखाली काढायला लावलेले ते जोडे चितेवर माझ्या पायात असावेत. भटजी कुरकुरले तर दक्षिणा वाढवावी.

साक्षीदार: पाशामियाँ (सही), रामकिसन (सही)
मुक्काम जुना जालना, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६०, सन १३४७ फसली.
पुंजाराम (सही)

ता. क. सह्या चालू असताना बद्रीनाथ उन्हातून आला. पाशामियाँनी त्याला सगळं वाचून दाखवलं. घसा कोरडा पडला म्हणतो. मी बोलावून घेतलेल्या साळूबाईने तांब्या पुढे केला आहे. तो अजून उंबऱ्यातच उभा आहे.