वेलकम, कालिंदी

मनू,

शिक्षणाला मृत्यूसुद्धा अडवू शकत नाही. हे मी गंभीरपणे लिहितोय, कारण सकाळी आईच्या मोबाइलवर तुझ्या ऑनलाइन कोर्सचं हॉल तिकीट आलं आणि त्यावर आईचं नाव आहे.

तू झोपली होतीस, उठवलं नाही. तुझ्या डिग्रीला कमी पडणारी चार क्रेडिट्स स्वस्तात मिळावीत म्हणून आई आजारपणातही, भेंडी मोडून बघावी तसा एकेक कोर्स तपासत होती. परवडणारा आणि तुझ्या कॉलेजला चालणारा हा एकच निघाला. नोंदणी करताना मात्र तिने सवयीने स्वतःचंच आधार टाकलं. लेक्चर लावलंस की वर ‘वेलकम, कालिंदी’ यायचं. आपल्या घरात गॅसपासून लाइट बिलापर्यंत सगळी ॲप्स तिचंच स्वागत करतात, त्यामुळे तुलाही खटकलं नाही आणि मलाही.

हेल्पलाइनवाला म्हणाला, “सर, आम्ही फक्त स्टुडंटशीच बोलतो. मॅडमना फोन द्या.”

म्हटलं, ती गेल्या महिन्यात वारली.

“सॉरी सर. मग त्यांच्याच मेलवरून तसं कळवायला लागेल.”

तिच्या मृत्यूचा दाखला घेऊन तुझ्या प्रिन्सिपॉलना भेटायला परळला चाललोय. क्रेडिट्स नाहीत तर डिग्री नाही, आणि तुझी ठरलेली वरळीची नोकरीही नाही, हे त्यांना सांगून बघतो. कुकर झालाय, जेवून घे.

नाव बदलायची मुदत आई हॉस्पिटलात असतानाच संपली. रविवारी वडाळ्याला तिची परीक्षा आहे.

बाबा