खालचा मजला सुनेच्या नावे

मी, शरीरक्रियाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, विद्यार्थ्यांत 'थांबा बाई' या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने करते आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करायचा उत्साह नाही.

१. पदरच्या पैशाने घेतलेली काचेची नळी, पंप आणि चिमटे माझ्या हाताखाली शिकलेल्या, आता विभागप्रमुख झालेल्या विद्यार्थिनीला, म्हणजे माझ्या 'घाई'ला द्यावेत. गरोदरपणात गर्भाशयाचा स्नायू स्वतःला कसा बदलतो, एवढंच मी जन्मभर बघत आले. स्नायूची पट्टी कोमट द्रावणात टांगायची आणि तासभर हात लावायचा नाही, हा माझा नियम. घाईने एकदा गाभण उंदीर-मादीची पट्टी हलत नाही म्हणून 'मेली' ठरवून काढून टाकली. मी ती परत टांगली, पोटॅशियमचं पाणी घातलं. पट्टी अशी आवळली की आलेखाची लेखणी कागदाबाहेर गेली. त्यानंतर घाई तासभर थांबायला शिकली.

२. मधल्या खोलीतल्या आरशावर थोरल्या जाऊबाईंचा कधीपासून डोळा आहे. तो त्यांना द्यावा, पण पुढचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्यावरच. सुनेचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले, तेव्हा चारचौघांत त्या म्हणाल्या, "हिची पिशवीच कमजोर आहे." तेव्हापासून पोरगी मान वर करून जेवली नाही. मला फार राग आला होता, अजून आहे.

तर जाऊबाई, ती पिशवी नव्हे, स्नायू आहे. इतक्या लवकर गर्भ जातो तो बहुधा गर्भातल्याच दोषाने. आईचं त्यात काही चुकत नाही. दिवस राहिले की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक त्या स्नायूला सांगतं, गप्प बस आणि वाढ. आधी पेशींची संख्या वाढते, मग बाळाच्या ताणाने एकेक पेशी लांब नि जाड होते. शेवटी इस्ट्रोजेनचा जोर चढतो, शेजारच्या पेशींमध्ये वाटा उघडतात, ऑक्सिटोसिनची हाक ऐकू येऊ लागते आणि सगळ्या मिळून कळ देतात. तोवर गप्प राहायलाच ताकद लागते. आरसा जपून न्या, मागची पट्टी सैल आहे.

३. बँकेतली ठेव, गाडी आणि वरचा मजला मुलाला.

४. खालचा मजला अंगणासकट सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. मसुद्यात वकिलांनी 'अपत्य झाल्यास' असं घातलं होतं. मी खोडायला लावलं. सगळे असंच लिहितात, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "लिहू देत. बाळ आलं तर तिच्या घरात येईल. नाही आलं तरी घर तिचंच."

मुलगा ऐकत होता. खोडायला वकिलांना पेन त्यानेच दिलं. पोरगा गुणाचा आहे.

५. सुनेला आठवा महिना आहे. आज सकाळी पोट दगडासारखं झालं म्हणून ती रडतच माझ्याकडे आली. मी हात ठेवून थांबले, सैल पडलं. हा स्नायूचा सराव, पेशींची एकजूट अजून व्हायची आहे, असं तिला समजावलं. तरी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तपासून त्यांनीही काळजीचं काही नाही म्हटलं.

सून म्हणाली, "आई, म्हणजे माझी पिशवी काम करतेय?"

"कधीची करतेय गं."

शब्दाची चूक मी तेवढ्यापुरती सोडून दिली. दुपारी ती मान वर करून जेवली, वर भात मागून घेतला.

जिला घर मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती नुसती शेजारी बसली आहे. सही करताना माझा डावा हात तिच्या पोटावर होता आणि आतून लाथ बसली. त्यामुळे शेवटच्या अक्षराला शेपूट फुटलं आहे. कोणी शंका घेऊ नये, सही माझीच आहे.

ठिकाण: खालचा मजला, जेवणाचं टेबल
दिनांक: सहा मार्च
मृत्युपत्र करणारी: (सही, शेपटासह)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: शेजारचे शिंपीकाका (सही). सही समक्ष झाली. लाथही समक्ष बसली.