काळे कण

१२ मार्च
सरांच्या पत्नी गुरुवारी संग्रहालयात येणार. सरांना जाऊन दोन महिने झाले. ज्वालामुखीच्या तोंडाशी उतरून त्यांनी आणलेला तो दगड बाईंना पाहायचा आहे. त्यावर तांबं आणि व्हॅनेडियमचं खनिज आहे — फार दुर्मीळ. तिथल्या धुरानेच सरांची फुप्फुसं गेली. सव्वीस वर्षं मी इथले दगड पुसतो, पण त्या दगडाची डबी सर एकटेच उघडायचे.
आता किल्ली माझ्याकडे.

१३ मार्च
हातून हे काय झालं!
सकाळी डबी उघडली. करड्या दगडावर खसखशीहून बारीक काळे कण. उजेडात धरले की लकाकत. मधून मधून धूळ. घरी देव पुसतो तसं ओल्या फडक्याने हळूच पुसलं. भक्तीनेच पुसलं! फडकं काळपट, दगड कोरा.
वरच्या मजल्यावर खनिजं तपासणाऱ्या मॅडमना त्या कणांबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. "अहो, ते पाण्यात विरघळतं. डोंगरावरसुद्धा पाऊस आला की गेलं धुऊन. म्हणून तर मिळत नाही. का हो?"
"काही नाही," म्हणालो. पहिलं खोटं.

१४ मार्च
घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "दगडापायी स्वतःला किती जाळाल? बाईंना सांगा आणि मोकळे व्हा."
सांगणार.

१५ मार्च
बाई काठी टेकत आल्या. "आणा, बघू दे तरी माझी सवत!" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी भिंग दिलं. पाहून झालं की सांगायचं, असं ठरवलं. त्या बराच वेळ वाकून होत्या. भिंगावर टपकन थेंब पडला. पुसायला हात पुढे केला, तसाच मागे घेतला.
"छान जपलंत हो," म्हणाल्या.
मी नमस्कार केला. नुसता नमस्कार!

१६ मार्च
देवासमोर बसलो. हात जोडवेनात.

१९ मार्च
बाईंची चिठ्ठी आली. "हे असेपर्यंत रागाने मी तो दगड कधी पाहिलाच नाही. परवा पाहिला, पण त्यात काय पाहायचं तेच कळेना. विचारायची लाज वाटली. यांना त्यात काय दिसायचं, तुम्ही सांगाल का?"
ते कण पाहिलेला इथे आता मी एकटाच.