पंख्याखालची खुर्ची आणि दाराजवळचा बाक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (खुर्चीवरून नव्हे, डुगडुगत्या बाकावरून) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो.

आमच्या मोठ्या बाईंनी यंदा ‘न्याय आणि समता’ हा नवा तास माझ्या गळ्यात मारला. मी सफरचंद नेलं आणि पोरांना नियम शिकवला की, जो वाटणी करेल त्याने आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा, म्हणजे तो आपसूक सारखं कापतो. पोरं फार खूश झाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण माझ्या तासाला पोरं खूश होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग उभा. ‘सर, वर्गातल्या जागा कोणी वाटल्या?’ मी म्हटलं, मीच. ‘मग तुम्ही शेवटी घ्यायची ना?’ उरला होता दाराजवळचा बाक. त्याचा एक पाय आखूड आहे. त्यावर बसणारी पोरं वर्षानुवर्षं कुरकुरायची आणि मी सांगायचो, जरा सांभाळून बसा. आता मी सांभाळून बसतो. पंख्याखालच्या माझ्या खुर्चीवर रोज पाळीपाळीने एकेक कार्टं बसून मोठ्याने ‘हुश्श’ करतं.

ताई, हे पोरांचं डोकं नाही. कोणीतरी फूस लावतंय. चित्रकलेचे सर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात. शिपाई दारावरून जाताना चाल मंदावतो. पण खरा संशय माझ्याच वर्गात बसणाऱ्या तुझ्या लेकीवर. येत्या सोमवारी नव्याने जागा वाटायच्या आहेत आणि वाटणीची चिठ्ठी नेमकी तिच्याच नावाची निघाली. (चिठ्ठ्या मीच केल्या होत्या, तरीही.) तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत बाकाखाली वाकून काहीतरी बघते. मी जवळ गेलो की म्हणते, ‘काही नाही, मामा.’ काही नाही म्हणणारी माणसं मला लहानपणापासून ठाऊक आहेत. त्यांतली एक तू.

तुझी भावजय तुझी आठवण काढते, असं तिने लिहायला सांगितलंय. लेकीला आशीर्वाद, बेताचेच.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण: सोमवारी बड्या साहेबांची तपासणी आहे. त्यांच्यासमोर मी बाकावर डुलताना दिसलो तर माझी उरलीसुरली अब्रू जाईल. लेकीला जेवताना सहज सांग, मामाला खुर्ची दे. मी सांगितलं असं म्हणू नकोस. न्यायाचा तास माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा: पाकीट चिकटवणार तोच सुतार आला आणि बाकाचा पाय नीट करून गेला. तुझी लेक म्हणे आठवडाभर मोठ्या बाईंच्या मागे लागली होती. विचारलं तर म्हणाली, ‘वाटणी माझी, म्हणजे उरलेला बाक माझ्याच वाट्याला येणार ना, मामा!’ ताई, इतकी वर्षं वाटणी मी करतोय, मला सुतार कधी आठवला नाही. वरचा ता. क. खोडलेला समज.

ता. क. तिसरा: बाक आता हलत नाही आणि दारातून वारा झकास येतो. तो आता सगळ्यांनाच हवासा होणार आणि माझ्याकडून जाणार, असा मला दाट संशय आहे. तेव्हा जेवताना खुर्चीचं नको, बाकाचं काढ.