समोरची खिडकी

बुधवार, संध्याकाळ

आज लढाईची ड्रिल होती. सायरन वाजला अन् सगळ्या क्वार्टरांतले लाइट बंद झाले. प्लांटवरचं आभाळ तेवढं लाल होतं. भट्टी कोण विझवणार? मी गॅलरीतून समोरच्या खिडकीवर तीनदा टॉर्च मारला. तीनदा म्हणजे 'खाली ये'. सोनूचा अन् माझा रोजचा इशारा.

"टॉर्च कावून लावून राहिला रे?" आई ओरडली. "सोनू हाय का आता तिथं?"

माहीत आहे मले. त्याचे बाबा प्लांटच्या गेटवर जवान होते. बदली झाली अन् तो जम्मूले गेला. तिकडे सायरन खरे वाजतात. दोन दिवसांपासून फोन लागत नाही. तरी हात कसा गेला? अंधारात सगळ्याच खिडक्या सारख्या होत्या. वाटलं, असेल.

मग सगळ्यांचे लाइट लागले. त्याच्या खिडकीतला नाही.